मला नापास व्हायचं होतं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही कधी आमच्याकडे जेवायला येणार नाही — हेमंतच्या समोर बसून त्याच्याकडे बघणार नाही.

हेमंत माझा नवरा. नंदाखालचा. केळीच्या वाडीत या टोकाकडून त्या टोकाला हाका मारत वाढलेला. आम्ही विरारला फुलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहायचो, आणि तो "चहा टाक गं" म्हणाला की तळमजल्यावरच्या वहिनी ओरडायच्या, "आमचाही टाका!" असा आवाज. मूल नव्हतं आम्हाला. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. मी तो विषय बंद केला. त्याने नाही केला.

नव्वदचं दशक संपत आलं असेल. त्याला कुठून तरी बालसंगोपनाबद्दल कळलं. ज्या मुलांना आईवडील काही काळ सांभाळू शकत नाहीत, त्यांना आपल्या घरी वाढवायचं. दत्तक नव्हे हं — आई सावरली की मूल परत जाणार. हेमंत नाचायचाच बाकी होता. मी? मी हसून "चालेल की" म्हणाले. आणि मनात — परत जाणार? आणखी एक मूल माझ्या हातून जाणार? पण त्याच्या तोंडावर नाही म्हणायची हिंमत कुठून आणायची?

आणि मग कळलं, यात पास व्हावं लागतं. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, मुलाखती, घर बघायला येणार. मला केवढा आधार वाटला! पास व्हावं लागतं, म्हणजे नापासही होता येत असणार.

हेमंतने मात्र बोर्डाच्या परीक्षेसारखी तयारी केली. हॉलला स्वतः पिवळा रंग दिला, तो पंख्यालाही लागला. लहान मुलाची खुर्ची आणली आणि टिकते का बघायला स्वतःच तिच्यावर बसला. मोडली. दुसरी आणली.

ज्या संस्थेत ही मुलं राहायची, तिथल्या समाजसेविका मीनलताई आल्या त्या दिवशी नेमका पाण्याचा टँकर आला. हेमंत पाइप घेऊन खाली धावला. ताई माझ्या एकटीशीच बोलत बसल्या. खालून त्याचा आवाज आला, "अरे इकडे! इकडे रे, डोळे फुटले का?" ताई दचकल्या. म्हणाल्या, "नेहमी असेच ओरडतात का हो?"

हसून सोडून द्यायचं होतं ना? मी म्हणाले, "नुसत्या ओरडण्यावर थांबलं तर बरं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हात उठतो?"

मी मान खाली घातली. हो म्हणाले नाही, नुसती गप्प राहिले — असं मी स्वतःला किती वर्षं सांगत आलेय! खोटं आहे ते. मी "हो" म्हणाले. स्पष्ट. जाताना ताईंनी माझा हात घट्ट धरला. मला वाचवायचं म्हणून खरं कारण त्यांनी हेमंतला कधीच सांगितलं नाही. फक्त निरोप आला — तूर्त थांबूया, घरातलं वातावरण थोडं शांत हवं.

शांत? त्याने तो शब्द धरूनच ठेवला. हळू बोलायला लागला. क्रिकेट बघताना तोंडावर उशी धरायचा. वहिनींनी मला जिन्यात अडवलं, "भाऊजी आजारी आहेत का?" आणि मी "घसा बसलाय" म्हणाले. तेही खोटंच.

पुढे एका रविवारी तो तिथल्या मुलांसाठी वाडीतली केळी घेऊन संस्थेत निघाला. मलाही ओढून नेलं. तिथे एक सहा वर्षांची मुलगी येऊन त्याच्याजवळ बसली. रेश्मा. सालं त्याच्या हातात देत, एकामागून एक केळी खात होती. मध्येच थांबली.

"काका, तुम्ही एवढं हळू का बोलता?"

"मोठ्याने बोललेलं चालत नाही ना."

"मला चालतं," ती म्हणाली.

हेमंत हसला. केवढ्याने! पत्र्यावरचे कावळे उडाले. तीही हसत सुटली, तोंडातल्या केळ्यासकट. आणि मला — मला ती हवी झाली. तिथल्या तिथे.

दुसऱ्या दिवशी मी मीनलताईंकडे गेले. खरं सांगितलं असतं तर? नाही सांगितलं. म्हणाले, "ताई, ते आता अगदी सुधारलेत." ताई पुन्हा आल्या, शेजारीपाजारी चौकशी केली, आणि आम्ही पास झालो. निघताना हेमंतला म्हणाल्या, "स्वतःमध्ये एवढा बदल करणं सोपं नसतं. कौतुक वाटतं तुमचं." त्याला काही कळलं नाही, पण तो इतका खूश झाला! अजून पाहुण्यांना सांगतो.

रेश्मा आली आणि आमच्या घरात दोन मोठे आवाज झाले. भुईगावच्या समुद्रावर दोघं लाटांना शिव्या द्यायची. वाडीत माझ्या सासूबाईंनी तिला पहिल्याच दिवशी नारळाच्या झाडाखालून हाताला धरून बाजूला घेतलं, "पोरी, पानी पी आधी, मग उंडार." तिची आई लांबलेल्या दुखण्यातून उठली, तेव्हा रेश्मा दहावीला होती. गेली ती आईकडे. जिची मला एवढी धास्ती होती ती गोष्ट घडली — आणि आम्हीच तिचं सामान पोचवलं, तिच्या आईच्या हातची भाजीभाकरी खाऊन आलो, आणि पुढच्या शनिवारी रेश्मा दारात हजर. "काकू, भूक लागलीय!" आता नोकरी करते. अजून येते. तिची आईही येते.

गेल्या महिन्यात सगळे जेवायला बसलो होतो. रेश्मा लहानपणची गंमत सांगत होती. म्हणाली, "विरारचे काका-काकू येणार असं ताईंनी आधीच सांगून ठेवलेलं. मी दोन फ्रॉक पिशवीत भरून फाटकाशी बसायचे. दिवाळी गेली, होळी गेली, तुमचा पत्ताच नाही! शेवटी कपडे धुणाऱ्या मावशींनी पिशवी काढून घेतली, म्हणाल्या फ्रॉक तोकडे होतील तुझे." हेमंत हसता हसता डोळे पुसत होता. "सरकारी कामं, बाळा. वेळ लागतोच."

मीही हसले. तिला आमटी वाढली.

हेमंतने माझ्यावर कधीही हात उचललेला नाही. ती मुलगी फाटकाशी बसून राहिली ती सरकारमुळे नव्हे. माझ्यामुळे.