उघाडीची झडप

आमच्याकडे नदी खाडीला मिळते ती जागा बघायला रविवारी लोक येतात, फोटो काढतात आणि राजोडीला जेवायला जातात. मला ती जागा आवडत नाही. भरतीला तिथून खारं पाणी उलटं नदीत चढतं, आणि नदीकाठचा एक ओहोळ थेट आमच्या वाडीतल्या बावखलात येतो. तळ्याला आम्ही बावखल म्हणतो. माझ्या आणि चुलतभावाच्या सगळ्या केळी त्याच पाण्यावर आहेत.

ओहोळाच्या तोंडाशी बांध आहे आणि बांधात उघाडी. तिची लाकडी झडप ओहोटीला आतल्या पाण्याच्या जोराने उघडते, भरतीला बाहेरच्या जोराने मिटते. तिथे मासे धरायचा हक्क गाव दरवर्षी बोली लावून देतं. बोली घेणाऱ्याने झडपेत ओंडका सारून थोडं भरतीचं पाणी आत घ्यायचं, त्यातून आलेले मासे ओहोटीला जाळ्यात धरायचे. हे सगळं अष्टमीच्या आगेमागे, भांगाला, म्हणजे भरती लहान असते तेव्हा, कारण ते पाणी बावखलापर्यंत पोचत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ओंडका काढलाच पाहिजे.

गेल्या वर्षी बोली चुलतभावाची होती. वैशाखातल्या अमावास्येला मी बांधावरून चाललो होतो, तर ओंडका जागच्या जागी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अमावास्या पंधरावी, म्हणजे सव्वा अकरा. दहा तर वाजून गेले होते. तो बांधावर बसून जाळं सोडवत होता. ओंडका काढ, म्हणालो. त्याने मान वर केली नाही.

"दादा, मासा काय पंचांग बघून येतो?"

"केळी तुझ्याही आहेत."

"तुझ्या जास्त आहेत. म्हणून तुला जास्त झोंबतंय."

मी खाली उतरून ओंडक्याला हात घातला. पाण्याचा जोर एवढा, की तो जरासुद्धा हलेना. वरून आवाज आला, "ओढ की. लाव तुझी पाऊणपट."

पाणी बावखलात शिरलं. थोड्याच दिवसांत केळीच्या पानांच्या कडा करपल्या, आधी माझ्या, मग त्याच्या. त्याने गावभर सांगितलं की यंदा ऊनच फार होतं. पावसाने बावखल पुन्हा गोडं झालं, पण दोघांचेही घड भरले नाहीत.

यंदा मी बोली चढवत नेली आणि घेतली. माझ्याकडे जाळं नाही. ओंडका फोडून पाणी तापवायच्या चुलीत घातला. मासे धरायचे नाहीत तर हक्क अडवून कशाला बसलास, असं त्याने चारचौघांत विचारलं. झडप मिटायला, एवढंच मी म्हणालो.

तरी प्रत्येक उधाणाला मी वेळ काढून बांधावर जाऊन उभा राहतो. दुसरा ओंडका मिळायला काय लागतं? मागच्या पौर्णिमेला तोही आला, पलीकडच्या टोकाला उभा राहिला. झडप मिटली, तसा तो वळला आणि आपल्या केळींकडे गेला.