रत्नाबाईचा छर्रा किती जोरात जाते

रत्नाबाईशी भांडून कोणी जिंकलेलं मी अजून पाहिलं नाही, आणि यात मी स्वतःलाही धरते. ती भंडाऱ्याची. दिवाळी सरली की तिचं फुग्यांचं दुकान गावोगावच्या मंडईला निघतं. मंडई म्हणजे आमच्याकडची जत्रा. पुण्याकडच्यांनी उगाच भाजीच्या पाट्या डोळ्यांपुढे आणू नयेत. चौकटीवर रंगीत फुगे, समोर फळीवर तीन छर्ऱ्याच्या बंदुका आणि फळीमागे रत्नाबाई. नवरा फुगे फुगवतो. बोलायचं खातं पूर्ण हिच्याकडे.

बंदुकांना तिनं नावं दिली आहेत: थोरली, मधली, धाकटी. एखाद्या पोराचा नेम चुकतो आणि तो म्हणतो, नळी वाकडी आहे. रत्नाबाई लगेच:

"नळी सरळ आहे बाबू. तुया डोळा वाकडा आहे. घरी आरसा नाई का?"

पोरगं चिडतं आणि पुन्हा खिशात हात घालतं. लग्न होऊन आली त्या वर्षापासून तिचा धंदा असाच चालला आहे.

तर मागच्या साली कोंढ्याच्या मंडईत एक छर्रा फुग्यांमागच्या टिनाच्या पत्र्यावर आपटून उलटा फिरला आणि शेजारच्या जिलेबीवाल्याची ट्यूबलाइट फुटली. काचा पाकात. कोणा माणसाला लागलं नाही, जिलेबी तेवढी गेली. पण यंदा मंडई समितीचे अध्यक्ष घनश्यामभाऊ, धानाच्या गिरणीचे मालक, यांनी निरोप धाडला: फुग्यांचं दुकान यंदा नको, बंदुका जोरकस आहेत.

रत्नाबाई माझ्या दारात. मी लोकांसाठी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवते, साहेबांशी भांडते, हे गल्लीला माहीत आहे.

"कोंढ्यानं नाई म्हटलं ना ताई, तं बाकीचे गावंबी नाईच म्हणतीन. मंग मी काय, या बंदुकीनं भाकरी पलटवू?"

माझं डोकं तसंही लवकर तापतं. दुसऱ्या दिवशी एसटीनं आम्ही दोघी कोंढ्याला. गिरणीत कोंडा उडत होता आणि घनश्यामभाऊ खुर्चीत.

"जोरकस म्हणजे किती जोरकस?" मी विचारलं. "मोजलं का तुम्ही?"

"मोजाले कायले पायजे? ट्यूबलाइट फुटली ना!"

"ट्यूबलाइट तर लिंबू मारलं तरी फुटते."

भाऊंनी जरा विचार केला. मग चार माणसांदेखत निकाल दिला: "असं करा बाई. छर्रा किती जोरात जाते ते मोजून दाखवा. आकडा शंभराच्या आत असंल तं लावा दुकान. गाडीबी शंभरावर गेली का धोकाच असते."

सगळ्यांनी माना हलवल्या. शंभर काय, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. पण परतीच्या एसटीत ते माझ्या ध्यानात आलं आणि मी गप्प बसले. आपल्या फायद्याची चूक समोरच्यानं केली तर ती दुरुस्त करायला मी काही मास्तरीण नाही.

आता वेग मोजायचा कशानं? चौकशी केली तेव्हा कळलं, या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात. पहिला प्रयोग फुकटचा: मोबाइलमधलं ॲप. बंदुकीचा आवाज आणि छर्रा आपटल्याचा आवाज, दोन्हींमधला वेळ ऐकून ते वेग सांगतं. रत्नाबाईच्या अंगणात मोबाइल ठेवला. थोरलीनं बार काढायच्या आधीच आकडा आला, एकशे सत्तर! शेजारच्या सुमनबाई मोगरीनं चादर बडवत होत्या.

"माया हाताचा आला का व?" सुमनबाई खूश. "पाय बरं, आणखी एक मारतो."

दुसऱ्या फटक्याला एकशे नव्वद. सुमनबाईंनी ते घरात जाऊन सांगितलं, सुनेला ऐकू जाईल असं. आम्ही ॲप काढून टाकलं. अंगणात हे हाल, तर मंडईत भोंगे वाजत असताना काय झालं असतं?

मग भंडाऱ्यातलं कुलदीपचं खेळाच्या सामानाचं दुकान. कॅरम, बॅटी, आणि रत्नाबाईचे छर्रेही तिथलेच. कुलदीप चष्म्यावरून बघत म्हणाला, "क्रोनोग्राफ? बाई, ते रायफल क्लबवाल्यांचं काम आहे. तुमाले काय समजणार त्याच्यात?"

"समजावायला तोंड आहे ना तुला?" मी म्हणाले. "का तेही क्लबवाल्यांसाठीच राखून ठेवलं?"

तो हसला, मग समजावून सांगायला लागला. एक रडारवालं असतं, बाजूला नुसतं ठेवायचं, सगळ्यात भारी. किंमत ऐकून रत्नाबाई म्हणाली, "त्याच्यात जुनी फटफटी येते, अन् ते आपल्याले घरीबी आणून सोडते." रडार गेलं. दुसरं नळीच्या तोंडाला बसवायचं, मुठीएवढं. उन्हात, अंधारात, कुठंही चालतं. मला ते पसंत पडलं. रत्नाबाईनं ते हातात घेऊन फिरवलं आणि परत ठेवलं.

"हे नको. लोक आधीच म्हणतेत नळी वाकडी आहे. त्याच्यात नळीले डबडं बांधलं तं म्हणतीन, बाईनं छर्रा फिरवाची मशीन लावली."

पटलं. माझ्या पसंतीला असं कोणी उडवून लावलं तर एरवी मी ऐकून घेत नाही, पण गिऱ्हाईक कसं वागतं हे तिला ठाऊक, मला नाही.

राहिलं तिसरं. पेटीवर दोन कमानी, थोड्या अंतरावर. छर्रा पहिल्या कमानीतून शिरून दुसरीतून बाहेर पडतो, पेटी त्याची सावली पकडते आणि आकडा सांगते. दिवसाच्या उजेडात छान चालतं, ट्यूबलाइटखाली गडबडतं. "चालवून दाखव," रत्नाबाई म्हणाली. कुलदीपनं दुकानामागच्या बोळात पेटी मांडली, ऐटीत बंदूक उचलली, एक डोळा मिटला आणि कमानीची काडीच उडवली.

रत्नाबाई तोंडावर पदर धरून उभी.

"आरसा नाई का रे दुकानात?"

काडी मोडलेलं यंत्र तो नवं म्हणून विकणार कोणाला? ते आम्हाला परवडेल अशा भावात मिळालं. काडीच्या जागी रत्नाबाईच्या नवऱ्यानं बांबूची कमची बांधली, आणि ते झकास चाललं.

अंगणातल्या उन्हात पहिला बार थोरलीचा. आकडा आला तीनशे आठ. रत्नाबाईचा चेहरा उतरला. बंदूक तिनं मांडीवर ठेवली आणि छर्ऱ्यांची डबी बंद करायला लागली.

"थांब," मी म्हणाले. "हे फूट आहेत. सेकंदाला तीनशे आठ फूट." पेटीला एक बटन होतं, मी दाबलं. फुटांचे मीटर झाले. पुन्हा बार. चौऱ्याण्णव!

"शंभराच्या आत!" रत्नाबाई उभीच राहिली. मधली एक्याण्णव, धाकटी त्र्याऐंशी. "ताई, हे बटन तं सोन्याचं आहे व!"

मंडईच्या दिवशी दुपारी, ऊन चांगलं असताना, आम्ही कोंढ्यात पेटी मांडली. फुगे टांगले, मागे नेहमीचा पत्रा. घनश्यामभाऊ समितीला घेऊन आले, बघे त्याहून जास्त. रत्नाबाईनं थोरली उचलली. फाट! फुगा फुटला, पेटीवर चौऱ्याण्णव. लोकांनी शिट्ट्या मारल्या. भाऊंनीही मान डोलावली.

तेवढ्यात त्यांची मुलगी रिता पुढे आली. भंडाऱ्याच्या कॉलेजात विज्ञान शिकते.

"बाबा, हे मीटर आहेत. एका सेकंदाचे."

"मंग?"

"गाडीच्या हिशोबानं..." तिनं मोबाइल काढला, "ताशी तीनशे अडतीस किलोमीटर."

"तीनशे अडतीस!" भाऊ दोन पावलं मागे सरकले. "बाई, छर्रा आहे का आभाळातलं इमान आहे हे?"

मी भडकले. "भाऊ, तुम्ही शंभर म्हणालात. शंभर काय, ते म्हणालात का? आता शब्द फिरवू नका!"

"मी गाडी म्हटलं होतं!"

"गाडी उदाहरणाला म्हटलं होतं!"

असं आमचं चांगलंच जुंपलं. लोक फुगे सोडून आमच्याकडे बघायला लागले. रत्नाबाई मात्र आमच्याकडे बघतच नव्हती. छर्रा पत्र्यावर आपटून फळीखाली येऊन पडला होता, तो तिनं उचलला, हातात खेळवला, आणि एकदा पत्र्याकडे, एकदा जिलेबीच्या दुकानाकडे पाहिलं. मग नवऱ्याला म्हणाली, "तो पत्रा काढ. अन् टेम्पोतून तुयी वाकळ आण."

वाकळ म्हणजे जुन्या लुगड्यांची जाड गोधडी. ती तिनं फुग्यांच्या मागे सैल टांगली, आणि क्रोनोग्राफ उचलून नेला तो थेट वाकळीच्या मागे मांडला.

"भाऊ, इकडं या. ट्यूबलाइट बंदुकीनं नाई फोडली, या पत्र्यानं फोडली. छर्रा उलटा आला. आता लोकाइच्या अंगावर जाचं असंल तं त्याले या वाकळीतून पार व्हा लागंल. पेटीत पाहून राहा."

रितानं बटन दाबून जुना आकडा पुसला. शून्य. रत्नाबाईनं थोरली झाडली, फुगा फुटला. छर्रा वाकळीत शिरला, ना मागे ना पुढे. शून्य. मधली. शून्य. धाकटी. शून्य.

"मशीन बंद पडली असंल," भाऊ म्हणाले.

पेटी पुन्हा पुढे आणली, बार काढला: चौऱ्याण्णव. परत मागे नेली: शून्य.

"आता हे मीटर घ्या, फूट घ्या, किलोमीटर घ्या," रत्नाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "दाबा बटन. किती होते ते सांगा."

भाऊंनी खरंच दाबलं. दोनदा. शून्याचं काही होईना. रिता हसू दाबत म्हणाली, "बाबा, शंभराच्या आत आहे."

"ते दिसून राहिलं मले." भाऊंनी घसा साफ केला. "ठीक आहे. पण पत्रा पुन्हा लावाचा नाई. वाकळ निघाली का दुकान बंद."

"अन् रातच्याले मी काय पांघरू?" नवऱ्यानं विचारलं. त्या दिवसातलं त्याचं हे पहिलंच वाक्य.

भाऊ अजून तिथंच. म्हणाले, समितीनं बंदूक स्वतः तपासून पाहायला पाहिजे. तपासली. छर्रा दोन फुग्यांच्या मधून वाकळीत. दुसरा बार चौकटीच्या लाकडावर. तिसऱ्यासाठी त्यांनी मफलर काढून रिताकडे दिला, पाय फाकवून उभे राहिले आणि नेम धरू लागले. धरतच राहिले. मागे रांग वाढत जिलेबीच्या दुकानापर्यंत गेली.

"नळी जराशी..." त्यांनी सुरुवात केली.

"भाऊ," रत्नाबाईनं पुढच्या पोराकडून पैसे घेत म्हटलं, "अध्यक्ष असान ते समितीत. इथी मांगं लोक उभे आहेत. मारा, नाई तं बाजूले व्हा."