डाव्या हातानं भरवलेलं पिल्लू

गुळाच्या मार्केटात रुद्राप्पा सौदा पुकारायला लागले, की चार दुकानं पलीकडं वजन करणारा माणूससुद्धा हातातलं काम थांबवून ऐकायचा. अंगानं किरकोळ माणूस, पण आवाज खणखणीत. सत्तावीस वर्षं त्यांनी एकाच अडत्याच्या दुकानी सौदे काढले. घरातही बोलायचं खातं त्यांच्याचकडं होतं. दारावरच्या भाजीवालीपासून सोयरिकीच्या बैठकीपर्यंत सगळं तेच बोलायचे, आणि त्यांची बायको मल्लव्वा आत चुलीपाशी असायची.

मल्लव्वाचं माहेर संकेश्वरकडचं. मराठी तिला सगळी कळायची, पण बोलायला गेली की मधेच कानडी शब्द यायचा, नाहीतर भाकरीला ‘तो’ आणि भाताला ‘ती’ व्हायचं, आणि गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावायच्या. लग्न नवं असताना एकदा रुद्राप्पाही हसले होते. तेव्हापासून घराबाहेरचं बोलणं तिनं त्यांच्यावर सोपवलं, ते कायमचंच.

सत्त्याण्णव सालच्या डिसेंबरात, ऐन हंगामात, भर सौद्यात रुद्राप्पांचा आवाज तुटला. लोकांना वाटलं ठसका लागला. मग उजवा हात लोंबला, तोंड वाकडं झालं आणि ते गुळाच्या ढेपांच्या थप्पीवर कलंडले. पिराजी नावाच्या हमालानं त्यांना पाठीवर घेऊन रिक्षात घातलं. महिनाभर दवाखाना झाला. जीव वाचला. उजवा पाय ओढत का होईना चालायला लागला. हात हलला नाही, आणि वाचा गेली.

सगळी गेली असती तर एक वेळ परवडलं असतं, असं मल्लव्वाला वाटायचं. दोन शब्द मागं राहिले होते. ‘व्हय की.’ पाणी पाहिजे का म्हटलं की ‘व्हय की’. नको का म्हटलं तरी ‘व्हय की’. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं सगळं, फक्त मनातला शब्द तोंडापर्यंत पोचत नाही. मानेचाही भरवसा नव्हता. एकदा हलायला लागली की उभी-आडवी कशीही हलायची. चहा पुढं केला की कप उडवून द्यायचे आणि ‘व्हय की’ म्हणून ओरडायचे. मल्लव्वा फरशी पुसायची आणि विचार करायची, चहा नको होता, की गरम होता, की दुसरंच काही सांगायचं होतं.

फेब्रुवारीत अडते घरी आले. खुर्ची ओढून बसले, तब्येतीचं बोलले आणि हळूच म्हणाले, “रुद्राप्पा, हंगाम काय थांबत न्हाय. सौद्याला दुसरा मानूस बघतोय. तुमची ना न्हाय न्हवं?”

रुद्राप्पांचा चेहरा लालबुंद झाला. डाव्या मुठीनं कॉटची पट्टी बडवत ते ओरडायला लागले, “व्हय की, व्हय की.” डोळ्यांतनं पाण्याच्या धारा. अडत्यांनी हात जोडले, एवढ्या मोठ्या मनाचा माणूस बघितला नाही म्हणाले आणि स्वतःचे डोळे पुसत गेले. मल्लव्वा दाराआड उभी होती. हा होकार नव्हे, हे तिला कळलं होतं. पण पुढं होऊन त्या मोठ्या माणसाला मराठीत चार वाक्यं सांगणं तिला झालं नाही. 

त्या दिवसापासून रुद्राप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. मुलगा सोमशेखर कागलच्या एमआयडीसीत पाळीला जायचा, तो घरी आला की झोपायचा. दिवसभर ही दोघंच. चार घास भरवायला मल्लव्वाला तास लागायचा. कधी कधी ते घास तोंडात तसाच धरून ठेवायचे, आणि ती ताट घेऊन बसून राहायची.

मार्चमध्ये पिराजी आला. दर रविवारी यायचा, कॉटच्या कडेला बसून मार्केटच्या गोष्टी सांगायचा. त्या दिवशी त्याच्या हातात मुंडाश्याचं गाठोडं होतं. मार्केट यार्डाच्या मागचं वठलेलं उंबराचं झाड पाडलं, त्याच्या ढोलीत पोपटाची तीन पिल्लं होती, दोन चिरडली, हे एक राहिलं, असं तो म्हणाला. मल्लव्वानं बघितलं तर अंगावर धड पिसं नाहीत, नुसते हिरवट काटे, पोट सुटलेलं आणि मान लटपटत होती. तिला बघवेना. तिनं सरळ सांगितलं, घरात एक भरवायचं माणूस आहे, दुसरं कुठं घेऊ? घेऊन जा.

पिराजी ओशाळला आणि गाठोडं उचलायला लागला. तेवढ्यात रुद्राप्पा वळले. महिन्यात पहिल्यांदा. डावा हात त्यांनी पुढं केला आणि तळवा उघडून तसाच धरला. पिराजीनं मल्लव्वाकडं बघितलं. ती बाजूला सरकली. त्यानं पिल्लू त्या तळव्यावर ठेवलं.

दुपारीच हरभऱ्याची डाळ भिजत पडली. ती वाटून, कोमट पाण्यात सैल करून, चमच्याच्या कडा वाकवून भरवायची, असं पिराजीनं दाखवलं होतं. रुद्राप्पांनी चमचा मल्लव्वाच्या हातातनं ओढून घेतला. डाव्या हाताला सवय नव्हती. पहिल्या दिवशी निम्मी डाळ पिल्लाच्या डोळ्यांत गेली. ते किरकिरलं, रुद्राप्पा दमून घामाघूम झाले, पण चमचा सोडेनात. चार दिवसांत हात बसला. पिल्लाच्या गळ्याखालची पिशवी टम्म भरली की ते बोटानं चाचपून बघायचे आणि चमचा खाली ठेवायचे. मग मल्लव्वा हळूच त्यांचं ताट पुढं सरकवायची. त्याच हातानं ते स्वतः जेवायला लागले.

ती पिल्लाला ‘मरी’ म्हणायची. कानडीत मरी म्हणजे पिल्लू. शेजारच्या बनाबाईनं ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला. ‘अगं, मरी म्हंजे म्हामारी की, आजाऱ्याच्या घरात असलं नाव घेतात काय,’ म्हणाली. मल्लव्वा चारचौघांत पोपट म्हणायला लागली. दार लोटलं की पुन्हा मरी.

एप्रिलात वळीव आला, गारा पडल्या आणि वीज गेली. पिल्लाच्या खोक्यावर उबेसाठी सोडलेला दिवा विझला. पिल्लू गार पडलं, मान टाकली, चोच उघडली तर डाळ तशीच बाहेर आली. मल्लव्वा शेगडी पेटवायला धावली, पण काड्या एकामागून एक मोडत होत्या. हे मेलं तर हा माणूसही उठणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं. वळून बघते तर रुद्राप्पांनी बंडीची बटणं एका हातानं तोडून काढली होती आणि पिल्लू छातीशी आत घातलं होतं. वर आपला मेलेला उजवा हात उचलून आडवा ठेवला होता. दोन-अडीच तास ते हलले नाहीत. दिवे आले तेव्हा बंडीच्या आतनं किरकिर ऐकू आली. मल्लव्वा शेगडीपाशी बसून रडली.

त्या दिवसापासून तिच्या मनानं एक घेतलं. पोपट बोलायला शिकतो, तर त्याच्यासोबत हेही शिकतील. रोज सकाळी ती पिंजरा कॉटपाशी ठेवायची आणि दोघांपुढं बसून म्हणायची, पाणी. मरी, म्हण पाणी. तुम्हीबी म्हणा, पाणी. भाकरी. चहा. सोमशेखर. जन्मभर गप्प राहिलेली बाई दिवसाला हजार शब्द बोलायला लागली. पोपटाचा उष्टा पेरू खाल्ला की मुक्याला वाचा फुटते, असं बनाबाई म्हणाली. मल्लव्वा पोपटापुढं पेरू ठेवायची आणि त्यानं टोचलेली फोड रुद्राप्पांना भरवायची. आधी चोरून, मग उघड. सोमवारचे उपास धरले. पोपट मोठा झाला, हिरवागार झाला, लाल चोचीनं पिंजऱ्याच्या सळ्या वाजवायला लागला. बोलला मात्र नाही. रुद्राप्पाही नाहीत.

नव्याण्णवच्या जानेवारीत एका सकाळी मल्लव्वा मोरीत भांडी घासत होती. बाहेरच्या खोलीतनं आवाज आला, “व्हय की.” तिला वाटलं, हे काही मागतात. पुन्हा आला, तसाच, तोच घोगरा हेल. ती हात पुसत आली तर रुद्राप्पांचं तोंड मिटलेलं होतं. पिंजऱ्यातनं आवाज येत होता. गल्लीतली पोरं दाराशी जमली आणि खिदळायला लागली. एकानं विचारलं, पोपट्या, तू गाढव काय? पोपट म्हणाला, “व्हय की.” पोरं लोळायची बाकी राहिली.

रुद्राप्पांनी काठी उचलली आणि पिंजऱ्यावर घातली. पिंजरा खाली पडला, पोपट आत फडफडत ओरडला, आणि ओरडतानाही तेच दोन शब्द. मल्लव्वानं पोरांना हाकललं. रुद्राप्पांनी भिंतीकडं तोंड केलं.

दोन दिवस त्यांनी अन्नाला शिवलं नाही. मल्लव्वाला वाटलं, मीच केलं हे. दुखण्याला आरसा आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पिराजी आला, तेव्हा तिनं पिंजरा त्याच्या हातात दिला. घेऊन जा, पुन्हा आणू नका, एवढंच ती म्हणाली.

पोपट गेला तरी रुद्राप्पा जेवले नाहीत. तिसरा दिवस, चौथा दिवस. डॉक्टर येऊन सलाईनचं बोलून गेले. पाचव्या दिवशी दुपारी ती ताट घेऊन बसली, ‘ऊटा माडरी, जेवा हो,’ म्हणाली. त्यांनी ताट ढकललं. आमटी तिच्या लुगड्यावर सांडली.

मल्लव्वाचा बांध फुटला. अर्धं कानडीत, अर्धं मराठीत ती बोलत सुटली. तीस वर्षांत मनातलं एवढं कधी बोलली नव्हती. “मला काय कळतंय तुमच्या मनातलं? होय म्हंजे होय, की होय म्हंजे न्हाय? पोपट ठेवला तरी मरताय, काढला तरी मरताय. मी कुठं जाऊ? कुणाला विचारू? मरायचं असलं तर तसं तरी सांगा.”

रुद्राप्पा तिच्याकडं वळले. “व्हय की,” ते म्हणाले, आणि खिळ्याकडं बोट दाखवलं. पिंजरा टांगायचा रिकामा खिळा. म्हणजे पोपट हवा, की गेला ते बरं झालं? मल्लव्वानं त्यांचं ते बोट दाखवणारं मनगट रागानं धरून खाली आणलं, आणि त्यांच्या बोटांनी तिचा हात पकडला. घट्ट. हा हात चमचा धरायला शिकला होता. मान ऐकत नव्हती, जीभ ऐकत नव्हती, पण हा हात ऐकत होता.

तिनं तो तसाच धरून ठेवला. मग म्हणाली, “असं करा. मी विचारते. होय असलं तर माझा हात आवळा. न्हाय असलं तर सोडा. पोपट परत पायजे?”

त्यांनी हात आवळला. बोटं दुखण्याइतका.

तिचा विश्वास बसेना. तिनं विचारलं, तुमचं नाव पिराजी काय? हात सुटला. मी संकेश्वरची काय? आवळला. आता जेवता? सुटला. वर्षभरात त्या घरात कुणी पहिल्यांदा ‘नाही’ म्हणालं होतं.

मग जे विचारायचं तिला भय वाटत होतं, ते तिनं विचारलं. “त्या दिवशी अडते आलते. काम सोडायला तुम्ही राजी होता?”

रुद्राप्पांचा हात तिच्या हातातनं निसटला आणि चादरीवर उताणा पडून राहिला. मल्लव्वा त्याच्याकडं बघत बसली. वर्षभर हा प्रश्न, हा हात, हे सगळं इथंच होतं, एका वितीवर. आणि ती शब्द शिकवत बसली होती.

पिराजी टेंबलाईवाडीला राहायचा. मल्लव्वा तिथं कधी गेली नव्हती, एकटी तर कुठंच गेली नव्हती. बनाबाईला कॉटपाशी बसवून ती डाग पडलेल्या लुगड्यानं तशीच निघाली. रस्ता विचारत, चुकत, मधेच कानडी बोलत. कोण हसलं, कोण नाही, याकडं तिचं लक्ष नव्हतं. पिराजीची बायको अंबूबाई दारात शेंगा निवडत होती. पोपट पिंजऱ्याच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसला होता. अंबूबाई म्हणाली, आल्यापासून दाणा उचलला नाही, आम्ही धास्तावलोय.

आतनं पिराजी आला. मल्लव्वा म्हणाली, “आमच्या मान्सानं मागितलाय पोपट.”

“मागितला? बोलले व्हय मालक?”

“बोलले,” मल्लव्वा म्हणाली.

पिराजीनं रिक्षा करून तिला घरी पोचवलं. पिंजरा कॉटपाशी ठेवून त्याचं दार उघडलं. रुद्राप्पांनी भिजवलेली डाळ डाव्या तळव्यावर घेतली आणि आत हात घातला. पोपटानं अंगठ्याचा लचका तोडला. रक्त आलं. त्यांनी हात मागं घेतला नाही. पोपट पाठ फिरवून बसला आणि त्याच आवाजात, तेच दोन शब्द बोलला.  रुद्राप्पांनी डोळे मिटून घेतले, पण तळवा तिथंच ठेवला.

त्या रात्री रुद्राप्पा चार घास जेवले. पोपट वाटीतलं खायचा, त्यांच्या हातातलं नाही; आठवडाभर असंच चाललं. बोटांना चिंध्या बांधाव्या लागल्या. मल्लव्वा हात धरून विचारायची, पुरे करता का? हात सुटायचा. नवव्या दिवशी पोपटानं मान तिरकी करून डाळीचा एक दाणा उचलला, थुंकला, आणि दुसरा खाल्ला.

रुद्राप्पा पुढं पाच वर्षं जगले. वाचा आली नाही, दुसरा एक शब्द म्हणून आला नाही. पिराजी रविवारी यायचा तेव्हा मल्लव्वा नवऱ्याचा हात हातात घेऊन मधे बसायची आणि मार्केटचे भाव, कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, पिराजी सांगेल त्या सगळ्यावर त्यांचं म्हणणं एकेक करून विचारायची. मग पिराजीकडं वळून, भाताला ‘ती’ म्हणत, ते काय म्हणाले ते सांगायची.