शाळेतला मातीचा गाव

गोजराबाई आमच्या शाळेची जमीन सारवीत असे. शाळेच्या कोणत्याही कागदावर तिचे नाव नव्हते. दर शनिवारी मुले घरी गेली की ती शेणाची टोपली घेऊन येई, धुळपाट्या आणि बसकरे दाराबाहेर रचून ठेवी आणि मागच्या भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत मागे सरकत सारवीत येई. त्याच्या बदल्यात तिचा नातू नथू याला पुस्तक आणि पाटी शाळेतून मिळावी, असे कुशाबा मास्तरांनी आणि तिने तोंडी ठरवले होते. जातीने ती धनगर. नवरा लवकर गेला, मुलगा मानमोडीच्या साथीत गेला, सुनेने पाट लावला. मागे राहिला तो नथू, नऊ शेळ्या आणि गावाच्या पूर्वेला टेकाडावर बांधलेले दोन खणांचे घर. त्या घराचे सागवानी वासे तिच्या नवऱ्याने ताम्हिणीच्या बाजूने स्वतः खांद्यावर आणले होते, आणि ही गोष्ट ती नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगे.

मलाही तिने ती सांगितली. १९२६ सालच्या जानेवारीत मी जांभूळखोऱ्याच्या शाळेत उमेदवार म्हणून दाखल झालो तेव्हाची ही गोष्ट. मराठी सातवी उतरलेल्या मुलाने काही महिने एखाद्या शाळेत मास्तरांच्या हाताखाली काम करायचे, आणि मास्तरांचा व तपासणीला येणाऱ्या साहेबांचा शेरा चांगला मिळाला तर पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात जायचे, अशी तेव्हा रीत होती. मी कोळवणचा. वय सतरा. घरी भाताची चार खाचरे आणि ती करायला दोन थोरले भाऊ होते. कॉलेजात गेलो नाही तर मी तिसरा होणार होतो.

शाळा म्हणजे चावडीला लागून एक खोली. चार इयत्ता, एकतीस मुले, एक मास्तर. मी सकाळी आधी बोरू तासून ठेवी. मग बिगारीच्या मुलांचे बोट धरून धुळपाटीवर अक्षरे गिरवून घेई. लहान मुलांच्या बोटांना भाकरीचा आणि शेळ्यांचा वास येई. शेवटच्या तासाला सगळी शाळा उभी राहून पाढे म्हणे, आणि त्या वेळी कुशाबा मास्तर डोळे मिटून बसत. ते झोपत नाहीत हे मला उशिरा कळले. एखादा मुलगा पावकीत चुकला की डोळे न उघडता ते त्याचे नाव घेत. मुले त्यांना मास्तर आणि मला धाकटे मास्तर म्हणत.

गाव पाण्याखाली जाणार हे ठरलेले होते. खोऱ्याच्या तोंडाशी धरणाचा बांध जवळजवळ पुरा झाला होता. आंदोलन होऊन गेले होते, तुरुंगात गेलेली माणसे घरी परतली होती, आणि त्या गोष्टीविषयी गावात कोणी बोलत नसे. मोजणीवाल्यांनी डोंगराच्या उतारावर चुना फासलेले दगड रोवले होते. पाणी त्या दगडांपर्यंत येईल असे त्यांचे म्हणणे. गोजराबाईच्या घराजवळचा दगड तिच्या आढ्याच्याही वर, पुरुषभर उंचीवर होता. लोक त्या दगडांवर धोतरे वाळत घालीत.

घरे हलवायची कामे इर्जिकीने चालली होती. शेतात जशी सगळ्यांची औते एका दिवशी एकाच्या रानात जातात, तसेच सगळे बैल आणि माणसे एका दिवशी एका घरी जमायची, कौले उतरायची, आढे-वासे सोडवायचे आणि सगळे गाड्यांवर घालून वरच्या माळावर नेऊन टाकायचे. जेवण त्या घरचे. दुसऱ्या दिवशी दुसरे घर. पाळ्या गुढीपाडव्यालाच चावडीवर लावून झाल्या होत्या. गोजराबाईची पाळी अक्षय्य तृतीयेनंतरच्या मंगळवारी होती. पावसाळा लागला की वरच्या चढाला गाडी चढत नसे. म्हणून ज्याची पाळी गेली त्याचे लाकूड खालीच राहणार, हे सगळ्यांना माहीत होते.

चैत्राच्या अखेरीस तपासणी होती. उमेदवाराने साहेबांसमोर एक पाठ द्यायचा असे, आणि मास्तरांनी मला तिसरीचा भूगोल दिला. त्या इयत्तेला आधी शाळेचा नकाशा, मग गावाचा, मग तालुक्याचा असा क्रम होता. माझ्या वाट्याला गाव आला. मास्तरांना मी विचारले की या गावात हा पाठ कसा द्यावा. ते म्हणाले, पुस्तकात आहे तसा द्यावा.

मी मुलांकडून ओढ्याची चिकणमाती आणवली आणि खोलीच्या मध्यावर, चार हात लांब आणि तीन हात रुंद, गाव तयार केला. डोंगर केले, नदी बोटाने कोरली, खाचरांवर भाताचे तूस पसरले. घरांसाठी खापराचे तुकडे घेतले. प्रत्येक मुलाने आपले घर आपल्या हाताने बसवावे ही कल्पना माझी होती, आणि मला तिचा अभिमान वाटत होता. मुले एकेक करून आली. नथूची पाळी आली तेव्हा त्याने खापर ठेवण्याआधी टेकाडावर दोन ओंजळी माती घातली, तळव्याने थापून सारखी केली, आणि मग तिच्यावर घर ठेवले. भैरोबाचे देऊळ खरे पाहता त्या टेकाडापेक्षा उंचावर होते. आता ते त्याच्या खाली गेले. मी हे पाहिले. माती काढून टाकावी म्हणून वाकलोही. पण तेवढ्यात दारात साहेबांचे तट्टू थांबले आणि मी उठून उभा राहिलो.

पाठ चांगला झाला. नदी कुठून कुठे वाहते ते मुलांनी सांगितले. मी तांब्याने पाणी ओतले आणि ते कोरलेल्या वाटेने वाहत गेले. मग साहेबांनी विचारले, पुढे बांध घातला तर काय होईल? मी खोऱ्याच्या तोंडाशी मातीची आडवी वळी घातली आणि दुसरा तांब्या ओतला. पाणी मागे सरकू लागले. आधी खाचरे गेली, तूस वर तरंगले. मग घरे जाऊ लागली आणि मुले त्यांची नावे घेऊ लागली. पिराजीचं गेलं. हैबतरावांचं गेलं. बयाबाईचं गेलं. पाढे म्हणावेत त्याच चालीवर, एकामागून एक. शेवटी देऊळ गेले. एक खापर कोरडे राहिले.

"आमचं ऱ्हायलं," नथू म्हणाला.

साहेबांनी शेरेबुकात लिहिले की उमेदवाराने स्थानिक भूगोल प्रत्यक्ष प्रयोगाने उत्तम शिकवला, त्यास ट्रेनिंग कॉलेजसाठी शिफारस करावी. संध्याकाळपर्यंत पाणी जमिनीत मुरले आणि मातीच्या डोंगरावर त्याची एक ओली रेघ राहिली.

मुलांनी घरोघर सांगितले. दुसऱ्या दिवशीपासून माणसे शाळेत येऊ लागली. जोडे बाहेर काढून आत येत, मातीच्या गावाभोवती उकिडवी बसत आणि आपले घर शोधत. कोणी काही विचारीत नसे. पिराजी तेवढा म्हणाला, की सरकारने चार वर्षे मोजणी केली, तिच्यापेक्षा आमच्या पोरांनी एका दिवसात बरी केली. माणसे हसली आणि आपापल्या कामाला गेली.

शनिवारी गोजराबाई टोपली घेऊन आली. तिने सगळी खोली सारवली, पण मातीच्या गावाला हात लावला नाही. त्याच्या कडेकडेने हात फिरवीत गेली. मग हात धुऊन त्याच्यापाशी बसली.

"ह्ये आमचं न्हवं, मास्तर?"

"हो."

"मंजी पानी हितवर येतंय," ती रेघेवर बोट ठेवून म्हणाली. "आन आमी वर."

नकाशात तसे दिसते खरे, असे मी म्हणालो. हे माझे शब्द मला नीट आठवतात. त्यांत खोटे काही नव्हते.

पुढच्या गुरुवारी तिने आपली पाळी पिराजीला देऊन टाकली. त्याचा गोठा मोठा होता, एका दिवसात उरकत नव्हता. चावडीपुढे हे ठरले तेव्हा मी शाळेच्या दारात उभा होतो.

"म्हातारे, मागनं हाका मारशील तर बैलं न्हाईत हां," पिराजी म्हणाला.

"तुजं आदी व्हाऊन ने. माजं कुटं पळतंय," गोजराबाई म्हणाली. "आन ग्येलास की वरनं बघ आमच्याकडं. बेटावरची पाटलीन दिसंल."

लोक हसले. तीही हसली.

त्या दुपारी मी कुशाबा मास्तरांना नथूच्या दोन ओंजळींची गोष्ट सांगितली. ते हजेरीपटावर रेघा आखीत होते. रेघ पुरी करून त्यांनी आखणीची पट्टी बाजूला ठेवली.

"शेरा वर पोचला," ते म्हणाले. "आता नकाशा चुकला म्हणालास, तर शेरा कशावर दिला असं ते विचारणार. मी कुणाला काही सांगणार नाही. तू सांगणार असलास तर अडवणारही नाही."

त्यांनी पुन्हा पट्टी उचलली. मंगळवारला पाच दिवस होते.

तिसऱ्या दिवशी मी टेकाडावर गेलो. ती शेळ्यांना पाला बांधीत होती. मी तिला चुन्याचा दगड दाखवला आणि म्हणालो की मोजणीवाले यंत्राने मोजतात, त्यांची चूक होत नाही, पाणी तिथवर येणार, तेव्हा पाळी परत घ्यावी. तिने सगळे ऐकून घेतले.

"त्यो दगूड परक्यांनी रवला," ती म्हणाली. "त्यांना आमी उटायला पायजेल. ते वरच रवनार. ह्ये तुमी आमच्या पोरांच्या हातानं केलंय. तुमाला काय मिळनार हाय खोटं करून?"

दगडाविषयी मी सांगितले होते. मातीविषयी सांगितले नाही. नथू वळचणीच्या सावलीत बसून पाटी कोळशाने घासत होता. त्याने एकदाही वर पाहिले नाही. उतरताना मी ठरवले की उद्या सांगू. उद्या पिराजीच्या घरच्या जेवणाचे बोलावणे आले, परवा मास्तरांनी शिफारशीचा कागद लिहायला घेतला आणि मला समोर बसवून नाव, गाव, जन्मतारीख विचारली. मंगळवारी सगळे बैल पिराजीच्या गोठ्याकडे गेले. मला त्या दिवशी काही विशेष वाटल्याचे स्मरत नाही. मुले कमी होती, म्हणून बिगारीला लवकर सोडले.

ज्येष्ठात शाळा बंद झाली. फळा, हजेरीपट आणि शेरेबुक गाडीवर चढले. खोली रिकामी झाली तरी मातीचा गाव मध्यावर तसाच होता, वाळून त्याला भेगा पडल्या होत्या. जूनमध्ये माझे नाव ट्रेनिंग कॉलेजात दाखल झाले. पुण्यात खोलीवर आम्ही चौघे होतो. मी अभ्यास केला, वेळेवर जेवलो, प्रकृती चांगली राहिली.

श्रावणात कुशाबा मास्तरांचे पत्र आले. अक्षर नेहमीसारखे, ओळी सरळ. पाणी चावडीच्या पायऱ्यांवर आले तेव्हाच गोजराबाईला वर बोलावणे धाडले होते. ती आली नाही. टेकाडाच्या चारी बाजूंनी पाणी भरल्यावर पिराजी आणि दोघेजण भोपळ्यांच्या तराफ्यावरून गेले आणि तिला व नथूला घेऊन आले. शेळ्या तीन वाचल्या. घर वाशांसकट राहिले. खुशाल असावे.

दिवाळीच्या सुट्टीत मी गोजराबाईला भेटायला तिच्या भाच्याच्या गावी, रिह्याला गेलो. ती तिथे भाच्याच्या गोठ्याच्या एका बाजूला कुडाचा आडोसा करून राहिली होती. मला पाहून तिने घोंगडे झटकून टाकले, भाच्याच्या घरून ताक मागून आणले आणि अंगणातल्या बायकांना सांगितले की हे आमच्या गावचे धाकटे मास्तर, पुण्याला शिकतात. नथू शेळीची धार काढत होता. इथल्या शाळेत त्याचे नाव घातले का, असे मी विचारले. अजून नाही, ती म्हणाली; तीन शेळ्यांमागे एक माणूस लागतेच.

मग इकडचे तिकडचे बोलणे झाले. पिराजीच्या नव्या घराला कौले कमी पडली. कुशाबा मास्तरांची बदली झाली. ताक संपले तेव्हा ती थोडी जवळ सरकली, माझी समजूत घालावी तशी.

"तुमी मनाला लावून घ्यू नका, मास्तर. तुमी केलं त्ये बराबर व्हतं. पानीच जास्ती आलं."

नथूचा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिले. मीही त्याच्याकडे पाहिले. दहा वर्षांचा होता. मग त्याने मान खाली घातली आणि धार पुन्हा भांड्यात वाजू लागली.

"हो," मी म्हणालो, "यंदा पाऊस फार झाला."

तिने मान डोलावली. मी भांडे खाली ठेवले, निरोप घेतला आणि दिवस असेपर्यंत कोळवणला पोचावे म्हणून निघालो. गोजराबाई त्यानंतर दोन वर्षे जगली, असे मला पुढे कळले. रिह्याला मी पुन्हा गेलो नाही.