वाढत्या अंगाचा गणवेश

शाळेच्या पहिल्या दिवशी मी दरवर्षी रेवाचा दारात फोटो काढते. आज तिला मोबाइलवर मागच्या वर्षीचाही दाखवला. पुढचे दात पडलेले, तरी तोंडभर हसू. रेवाने बराच वेळ पाहिलं.

"आई, ही कुठे गेली?"

"अगं, तूच ती."

"मी तर इथे आहे."

मी हसले, पण त्या फोटोनंतर हात हलवत रिक्षात बसलेली ती मुलगी परत आल्याचं मला आठवेना. मग संध्याकाळी दप्तर टाकून "भूक लागली" म्हणाली, ती कोण?

रिक्षा आली. रेवा धावली. नव्या गणवेशाच्या ढगळ बाह्या वाऱ्याने फुगल्या, आत आणखी कुणाचे हात असावेत तशा. दुकानात मीच म्हणाले होते, "वाढत्या अंगाचा द्या." जी येणार आहे, तिच्यासाठी जागा मीच करून ठेवली होती.