वाकडं अंगण

टायपिंगच्या बाईंनी तेवीस वर्षं टाइपरायटर शिकवला. तो क्लास बंद पडला आणि संस्थेने त्यांच्या हाती संगणकाची खोली दिली. यंत्रं आठ, सगळी कुठल्यातरी ऑफिसातून सेवानिवृत्त होऊन आलेली. कपड्यांचा कारखाना बंद झाल्यावर घरी बसलेल्या बायकांना तिथे प्रोग्रामिंगचे पहिले धडे द्यायचे होते. त्यांच्यात बाईंची धाकटी भावजयही होती. बावीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेली, हाताने चपळ आणि जिभेने त्याहून चपळ.

तिच्या वाट्याला आलं कोपऱ्यातलं सगळ्यात थकलेलं यंत्र. तिने अक्षर दाबावं आणि पडद्यावर काहीच उमटू नये. म्हणून पुन्हा दाबावं, तर दोन्ही एकदम यावीत. पुसायला जावं तर चार जास्तच पुसली जावीत. "हे यंत्र माझं ऐकतच नाही हो," ती एकदा म्हणाली होती. तेव्हा बाईंनी भर वर्गात "नाचता येईना, अंगण वाकडं" असं ऐकवून हशा पिकवला होता. त्या दिवसापासून भावजयीने तक्रार केली नाही. सरावाच्या दोन परीक्षांत मात्र ती नापास झाली.

खऱ्या परीक्षेला तीन दिवस उरले तेव्हा ती म्हणाली, "ताई, आता नापास झाले तर मी या खोलीत पुन्हा पाऊल टाकायची नाही. माझं डोकंच चालत नाही." हे ती रागाने म्हणाली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली.

सगळ्या गेल्यावर बाई त्या कोपऱ्यातल्या यंत्रापुढे बसल्या. टाइपरायटरच्या जुन्या सवयीने डोळे मिटून त्यांनी एक ओळ सरसर मारली. डोळे उघडले तर पडदा कोरा. मग अक्षरं आली, रडतखडत, मागेपुढे. एडिटर, म्हणजे प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर, मोठ्या कंपन्यांत वापरतात ते होतं. शब्द सुचवायचे, चुकीखाली लाल रेघ ओढायची, हे त्याचे लाड पुरवता पुरवता म्हातारं यंत्र मेटाकुटीला येत होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी हलके एडिटर तपासायला घेतले. कसोटी एकच: बोट उचलायच्या आत अक्षर दिसलं पाहिजे. पहिला उघडेपर्यंत त्यांचा चहा पिऊन कप विसळून झाला. दुसरा झटकन उघडला, पण शंभर ओळींनंतर धापा टाकू लागला. तिसरा अगदी साधा. शब्दांना रंग द्यायचा, एवढीच काय ती हौस. अक्षर मात्र बोटाखालीच उमटत होतं.

संस्थेचे सर भडकले. "परीक्षेच्या तोंडावर एडिटर बदलता? चूक झाली तर लाल रेघ कोण ओढणार? बायका आपटल्या तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," बाई म्हणाल्या. आणि त्यांनी तो तिसरा एडिटर आठही यंत्रांवर बसवला.

परीक्षेत भावजयीची बोटं पहिल्या ओळीपासून धावली. वेळेआधीच प्रोग्राम लिहून झाला. तिने तो चालवला, तर चूक. संदेश शेवटच्या ओळीकडे बोट दाखवत होता आणि त्या ओळीत काहीच वावगं नव्हतं. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. सरांनी बाईंकडे रोखून पाहिलं. तिच्या पाठीमागच्याच दारात उभ्या असलेल्या बाईंना चूक दिसली होती: वरच्या एका ओळीत कंस बंद करायचा राहिला होता. पण बोलायची सोय नव्हती.

दहा मिनिटं उरली. भावजयीने दोन्ही हात मांडीवर ठेवले. आता ती उठते, असं वाटून बाईंनी दाराची चौकट घट्ट धरली.

ती उठली नाही. तिने पडद्यावर शेवटच्या ओळीला बोट लावलं आणि शिवण उलट्या बाजूने तपासावी तशी एकेक ओळ वर चढू लागली. खालून सातव्या ओळीवर बोट थांबलं. तिने एक कळ दाबली. प्रोग्राम चालला.

बाहेर व्हरांड्यात तिने नणंदेला गाठलं. "म्हणजे ताई, मी मंद नव्हते?"

"नव्हतीस गं." बाईंचे डोळे भरून आले. "अंगणच वाकडं होतं. आणि मी तुला चार जणींत हसले."

"मग सांगा की चार जणींतच," भावजय म्हणाली, आणि बाईंचा हात धरून त्यांना परत वर्गात घेऊन गेली.