सरदारचाचांचा व्हॉल्वचा अँप

लोकं मला विचारतेत, "वैजनाथ, गिटारला व्हॉल्वचा अँप चांगला का मॉडेलिंगचा?" अरे बाबांनो, मला कशाला विचारता! विचारायचं तर अहमदपूरच्या बसस्टँडमागं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जा. अर्धं शटर ओढून बसलेत सरदारचाचा.

मी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो; तिचा आवाज मोठा करणारा माझा अँप त्यांनीच केलेला. आत काचेचे चार व्हॉल्व. ते तापले की असा आवाज निघायचा, मांडवातली म्हातारी माणसंसुद्धा मान वर करायची. त्यातल्या ट्रान्सफॉर्मरवर तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे. चाचा हातानं गुंडाळायचे आणि सालेहाचाची शेजारी बसून मोजायच्या. "भाकरी टाकू का तुमचे वेढे मोजू?" असं करवादायच्या, पण मोजायच्या.

चाचांची एकच ताकीद होती. अँप चालू असताना स्पीकरची वायर काढायची न्हाई, ट्रान्सफॉर्मर जळतो. वीस वर्षं पाळली मी.

मग आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक अण्णाराव मॉडेलिंगवाला घेऊन आले. त्यात व्हॉल्व न्हाईत, चिप. बटन दाबलं की पाहिजे त्या अँपची नक्कल. "ते धूड टेम्पोत चढवून माणसांच्या कमरा मोडायल्या," म्हणाले. मी भडकलो, "नकला तुम्हीच वाजवा!" लई ताठा होता मला.

धर्माबादच्या लग्नात तो ताठा उतरला. अक्षतांच्या आधी पाव्हण्यांना टोपी-टॉवेल देऊन राहिले होते, एकेकाचं नाव पुकारून. तेवढ्यात भोंगा बंद पडला, नेमका नवरीच्या मामाच्या नावाला. मामा रुसला. "माझं नाव कोणाला ऐकूच गेलं न्हाई," म्हणत निघाला तरातरा, पायात चपला घालून. नवरीचे वडील भगवानराव माझ्यापुढं हात जोडून उभे, "तुमचा स्पीकर द्या हो, दोन मिनिट!" बापाचं ते तोंड पाहून मी घाईत स्पीकरची वायर उपसली आणि स्पीकर पुकारणाऱ्याला दिला. अँप बंद करायचा राहिलाच. गिटार अँपला जोडलेलीच, पुकारायच्या आवाजानं तिच्या तारा झणझणत राहिल्या आणि बिनस्पीकरच्या अँपवर जोर येत राहिला. जळका वास आला तोवर मामा टोपी घालून फोटो काढून राहिला होता.

दुसऱ्या दिवशी चाचांनी अँप उघडला, वास घेतला, जळका ट्रान्सफॉर्मर काढला आणि तारेचं रीळ पुढं ओढलं.

"चाचा, शिव्या तरी द्या!"

"शिव्यानं तार गुंडाळली जात न्हाई बेटा. बस."

चाची जाऊन दोन वर्षं झाली, म्हणून मोजायला मी बसलो. चाचांचे हात थरथर कापत होते. दोनशे बाराला तार तुटली. परत सुरू केलं, नव्वदला तुटली. तिसऱ्या खेपेला त्यांनी मान वर न करताच विचारलं, "सालेहा, किती झाले?"

"चाळीस," मी म्हणालो.

ते थांबले. रीळ खाली ठेवलं. "तू नवाच घे बेटा. आता माझ्यानं होणार न्हाई."

नांदेडच्या कार्यक्रमात मी झक मारत मॉडेलिंगवाला लावला, जुन्या व्हॉल्वच्या आवाजाचं बटन दाबून. तो वाईट वाजावा म्हणून मनातनं शाप देत होतो. पण दुसऱ्या गाण्यात डोळे मिटले, आणि देवाशपथ सांगतो, मला फरक कळला न्हाई. वीस वर्षं ज्या आवाजाचा ताठा मिरवला, तो माझ्याच कानांना ओळखता आला न्हाई. लाज वाटली.

सकाळी चाचांचा फोन आला. "कसा वाजतो नवा?"

काय सांगणार? "पत्र्याच्या डब्यावानी वाजतो चाचा. काही खरं न्हाई त्याचं."

"मला ठाऊकच होतं!" कित्येक महिन्यांनी असे मोकळे हसले. "मग मी परत बसतो. तू ये, मोजायला."

तेव्हापासून दर रविवारी जातो. मी मोजतो, तार तुटते. मग चाचा म्हणतेत, "पहिल्यापासून," आणि मी म्हणतो, "एक."